आईची खोळ आणि स्वस्तातला प्रोसेसर

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर आला एकदाचा! महागड्या प्रोसेसरांकडे नुसतं बघून घेतलं आणि तू सांगितलास तोच स्वस्तातला घेतला. हे म्हणतात, तो ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगाहून जास्त पळवला, तर महागड्याच्या तोडीस तोड चालेल. मी म्हटलं, आधी दादाला विचारते.

तू पाठवलेली खोळ मिळाली. आईने शिलाई मशीनसाठी शिवलेली, तिच्या हातची शेवटची. पण कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर अशी चपखल बसली की मला रडूच आलं. आत धूळ जाईल म्हणून काढू नकोस असं तू बजावलंयस, तेव्हा काढतच नाही. ज्यासाठी कॉम्प्युटर घेतला ते कार्टूनचं काम महिनाअखेर द्यायचंय. ते पसंत पडलं तर वर्षभराची चिंता मिटेल.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी बुटकी

दि. ९ फेब्रुवारी

चि. बुटके,
अनेक आशीर्वाद.

ओव्हरक्लॉक मुळीच नको! तापून राख होईल. पंख्यांच्या कारखान्यात तपासणीला बसून माझे केस पिकलेत. आधी संशय, मग शिक्का. जावईबापूंचे हात सदा शिवशिवतात. आमचा रेडिओ दुरुस्त केला तेव्हा चार स्क्रू उरले होते, आठवतंय ना? तू नाही म्हणालीस तरी गुपचूप करतील. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव.

तुझा,
दादा

दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं झालं रे. कॉम्प्युटर काम करता करता आपोआप बंद पडायला लागला. मग बंद पडायचा थांबला, पण गोगलगाय झाला. परवा हे सेटिंगच्या पडद्यापुढे बसलेले दिसले. मी आत जाताच घाईने बंद केलं. विचारलं तर म्हणाले, वेगाला हात लावलाय खरा. पुढे चकार शब्द नाही. मग माझाही तोल गेला. तुझ्या त्या चार स्क्रूंचा विषयसुद्धा काढला मी. आता आपलं ताट उचलतात आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसतात. काम वेळेत होणार नाही, आणि घरात ही तऱ्हा. मला काही सुचत नाही.

बुटकी

दि. २६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शेवटी मीच तो सेटिंगचा पडदा उघडला. वेग वाढवलेला नव्हता रे, कमी केलेला होता.

यांच्या पुढ्यात जाऊन बसले, तेव्हा कुठे बोलले. खोळीने हवा कोंडते, म्हणून तो तापून बंद पडत होता. ही गोष्ट त्यांना तो बंद पडला त्या पहिल्याच दिवशी कळली होती. पण आईच्या हातची शेवटची शिवण, ती काढ असं तुला कुठल्या तोंडाने सांगू, असं मला म्हणाले. म्हणून वेगच उतरवला, आणि माझी बोलणी ऐकून घेतली.

खोळ आता माझ्या खुर्चीच्या पाठीवर आहे. वेग पूर्ववत केला, काम काल पोचतं झालं. पसंत पडलं की कळवीन.

दादा, जन्मभर पंखे तपासलेस आणि हवेची वाट बंद करणारी खोळ तूच धाडलीस ना रे! मी रागावले नाहीये. मीही तुझ्याच आईची लेक, संशय माझ्याही अंगात आहे. पण पुढचं पत्र मला नको, यांना लिही. सुरुवात काय करायची ते तुझं तू बघ.

लोभ दोघांवर सारखा असू दे.
तुझी बुटकी