लताकियाचा डबा

॥ श्री ॥
चिंचवड,
ता. १८ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. वन्संना,

शालनचा वाकून नमस्कार. नैरोबीहून पाठवलेलं पत्र आणि पार्सल दोन्ही पोचलं. तंबाखूचे डबे नीट आले, एकालाही पोचा नाही. दिवाळी साधीच केली. अगदीच सुनीसुनी गेली असंही नाही, तुमच्या बंधूंच्या पानात गोड वाढलं होतं.

त्यांची प्रकृती विचारलीत. ऑपरेशन चांगलं झालं असं मुंबईचे डॉक्टर म्हणतात. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. गळ्याला पुढून भोक ठेवलंय, त्यात चांदीची नळी आहे, श्वास तिथूनच चालतो. मी नळी रोज उकळून धुते. बोलणं कायमचं गेलं. पाटीवर लिहून सांगत असत, पण ती हातातून पडून फुटली. दुसरी आणायची आहे.

कारखान्यातलं आता कुणी फारसं येत नाही. मॅनेजरच्या खुर्चीवर नवे साहेब आले, मग लोक तिकडे जाणारच. स्टोअरमधले उद्धवराव तेवढे येतात. ह्यांच्या हाताखाली त्यांनी पुष्कळ सोसलं, तरी येतात, माणूस चांगला आहे.

डबे पाठवणं थांबवू का, असं विचारलंत. थांबवू नका, वन्सं. ओढायची बंदी ह्यांना आहे, घरात दुसऱ्यानं पाइप पेटवायला बंदी नाही. संध्याकाळी मी उद्धवरावांना पाइप भरून देते, ते ह्यांच्यासमोर बसून ओढतात. बोलता येत नाही त्या माणसाला तेवढीच संगत. मागच्या वेळचा लताकिया सर्वांत छान होता. काळं पान, ओल्या लाकडाच्या धुरावर धरल्यासारखा वास, खोलीतल्या पडद्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. तोच जास्त पाठवावा.

मुलांना आशीर्वाद. भावोजींना नमस्कार.

तुमची,
शालन


चिंचवड,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

वन्संना,

नमस्कार. उद्धवरावांनी तुम्हाला लिहिलं, हे तुमच्या पत्रावरून कळलं. कारखान्यातून पत्ता मिळवला असेल. ‘माझ्या भावाचे काय चालवले आहेस’ असं तुम्ही विचारता, म्हणून सांगते.

उद्धवराव पहिले काही दिवस खुशीत येत. मग एका संध्याकाळी पाइप अर्धा टाकून उठले. अंगणात येऊन मला म्हणाले, “वहिनी, त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाही. मला वाटलं होतं वासानं तरी त्यांना बरं वाटत असेल.”

“त्यांना वास येत नाही,” मी म्हटलं. “श्वास गळ्यातून आहे, नाकातून वारा जात नाही. हे डॉक्टरांनी मला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं.”

त्यांनी विचारलं, “मग मला कशाला बसवलंत?”

मी पाइप झाडायला आत गेले. तेव्हापासून ते आले नाहीत.

तेव्हापासून मीच ओढते. हो, पाइप. तुमच्या भावाच्या खुर्चीत बसून, त्यांच्या पाइपातून, त्यांच्यासमोर. पहिल्या दिवशी जीभ भाजली. व्हर्जिनिया घाईनं ओढली की भाजतेच, हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. सोफ्यावर पाहुणे बसलेले, तुमचे भाऊ त्यांना समजावून सांगणार: व्हर्जिनिया म्हणजे ऊन खाल्लेलं गवत, गोडसर, हळू ओढा; बर्ली म्हणजे भाजलेले शेंगदाणे, साधा माणूस; लताकिया म्हणजे धूर आणि कातडं, तो पचवायला जीभ लागते. मग माझ्याकडे हात करायचे. “हिचं नाक फोडणीपुरतं.” पाहुणे हसायचे. तंबाखूला ओल राहावी म्हणून डब्यात बटाट्याची चकती मी घालायची, वेळेवर काढायची मी, चिमटीत दाबून पान लवचीक झालं का बघायचं ते मीच. नाक मात्र फोडणीपुरतं.

आता मी हळू ओढते. मला आवडतो, वन्सं. लताकियासुद्धा.

ओढताना त्यांना चव सांगते. चुकीची सांगते. लताकिया भरायचा आणि म्हणायचं, “आज व्हर्जिनिया घेतली, गवताचा गोड वास सुटलाय.” काळं पान त्यांना दिसत असतं. ते मान हलवतात, हात हलवतात, नळीतून घरघर निघते. मी म्हणते, “बरं, मग काय आहे ते तुम्ही सांगा.”

पाटी मी अजून आणलेली नाही. गेनू म्हणून निघोजे गावचा माळी आहे आमच्याकडे. त्यानं एकदा विचारलं, “बाईसाहेब, सायब हातानं पाटी दावत्यात. कॅम्पातल्या दुकानात मिळती, आनू का?” मी नको म्हटलं. तो पुन्हा विचारत नाही, पण माझ्याशी बोलतानाही हल्ली खाली बघतो. कागद-पेन्सिलही मी कपाटात ठेवली आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं वैर कशाचं. ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिथे होतात.

नैरोबीला जायच्या आधी तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, तो पावसाळा. कारखान्याचे साहेब लोक जेवायला होते. जेवणं झाल्यावर ह्यांनी तंबाखूचा डबा उघडला तर आत बुरशी. चकती काढायची माझी राहून गेली होती. सकाळपासून उलट्या चालल्या होत्या, डब्याकडे बघवत नव्हतं. पाचवा महिना होता मला. ह्यांनी हाक मारून बोलावलं, त्या तंबाखूची चिमूट सगळ्यांसमोर माझ्या तोंडाशी धरली आणि म्हणाले, “चाव. म्हणजे कळेल काय केलंस ते.”

मी चावली. वाटलं, आता थुंकायला जाऊ देतील. साहेब लोक जमिनीकडे बघत होते. उद्धवराव दारात उभे होते, तेही. कुणीतरी एक शब्द बोललं असतं तर ह्यांनी हसण्यावारी नेलं असतं, मी त्यांना ओळखते. तेव्हा तुम्ही बोललात. “गिळू दे रे तिला, पोटातले जंत तरी मरतील.” आणि हसलात. तुम्ही हसलात म्हणून मग सगळे हसले. मी गिळली.

त्याच आठवड्यात मूल गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्याचा त्याच्याशी संबंध लावू नका. मी लावत नाही. मुलगा होता. तुम्ही त्या दिवशी माझ्या उशाशी बसून पुढच्या वेळी काळजी घे म्हणालात. पुढची वेळ आली नाही.

आता तुमच्या पत्राचं. मे महिन्यात बोटीनं येऊन भावाला घेऊन जाईन, तोपर्यंत त्याला हे पत्र वाचून दाखव, असं तुम्ही लिहिलंत. पत्र मी त्यांच्यासमोरच फोडलं. तुमचं अक्षर लांबून ओळखून ते खुर्चीत पुढे सरकले.

आधी मी विचारलं, “ताईंकडे जायचं का तुम्हाला?”

त्यांनी हो म्हणून मान हलवली. परत परत हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसलंही नाही. माझा हात धरला, वन्सं. लग्नाला वीस वर्षं होत आली, असा कधी धरला नव्हता. ओठ हलत होते. मला ओठ वाचता येत नाहीत, पण ‘ताई’ एवढं कळलं.

मी हात सोडवला नाही. तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हातातलं पत्र वाचल्यासारखं करून म्हटलं, “ताई लिहितात, जागा नाही. मुलं मोठी झाली आहेत. गळ्याला भोक असलेलं माणूस घरात असलं की त्यांना किळस येईल. शालन आहे ना, तिनंच बघावं.”

त्यांनी मला खोटं म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचा चटकन विश्वास बसला, ह्याचं मला आश्चर्य वाटलं. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.

परवापासून त्यांनी खाणं सोडलंय. पुण्याचे डॉक्टर येऊन गेले. मानेच्या दुसऱ्या बाजूला नवी गाठ आहे. मी डॉक्टरांना मे महिन्याचं विचारलं, तर म्हणाले, मे फार लांब आहे.

तुम्ही पत्र लिहाल, तार कराल. इथे आलेलं टपाल मीच घेते, मीच वाचून दाखवते. नळी धुणं, अंग पुसणं, कूस बदलणं, त्यात कसूर होणार नाही. अंगावर एक फोड येऊ दिलेला नाही, डॉक्टरसुद्धा वाखाणून गेले.

डबे आता पाठवू नका. आहेत ते मला पुरतील.

तुमच्या भावाला शेवटपर्यंत सांभाळणारी,
शालन