टेकडीमागचं फाटक

बोवेन, क्वीन्सलंड
३ नोव्हेंबर

ती. मर्टल आत्यास,
जॉसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. रोज लिहायचं ठरवतो, रोज टाळतो. आंबे उतरवून चिकानं बोटं सुजलीत हे खरं, पण ती सबब झाली. इथला मुकादम आंब्यांशी गोड बोलतो आणि आमच्याशी आंबट. असो, भरकटलो.

तुझं खुब्याचं ऑपरेशन होईतो शेतावर येणाऱ्या शाळांच्या सहली मी सांभाळाव्यात, नाहीतर शेत चालवणारी कमिटी त्या कायमच्या बंद करेल, असं तू लिहिलंस. आत्या, त्या सहली मला अजून आठवतात गं. लोकरीच्या तेलानं गुळगुळीत झालेल्या जुन्या शेडच्या फळ्या, लोण्याचं लाकडी पिंप फिरवायला आमची ढकलाढकली, निखाऱ्यात करपलेला जाड पाव आणि त्यावर पाक. शेतावरचे जुने गडी अर्नकाका हातकात्रीनं मेंढी भादरायचे, तेव्हा लोकर अंगातून काढलेल्या कोटासारखी अख्खी खाली पडायची. आम्ही चाळीस पोरं कुंपणाला चिकटून बघायचो.

पण मी नऊ वर्षांचा असतानाच्या सहलीत एक घडलं. नियम तुझाच: फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. टेकडीमागचं उघडं होतं. मला वाटलं, कुणीतरी विसरलं. मर्टलबाईंचा भाचा ना मी! ऐटीत लावून टाकलं. पाणी फाटकापलीकडे होतं, मेंढ्या अलीकडे, आणि ऊन कसलं! सहल शुक्रवारची; सोमवारी अकरा मेंढ्या मेलेल्या सापडल्या. आपणच लावलं असेल, असं अर्नकाकांनी कमिटीला सांगितलं आणि त्यांची नोकरी गेली. मी तोंड उघडलं नाही. आता कुठल्या तोंडानं तिथं उभा राहून पोरांना नियम सांगू?

रागाव हवं तेवढं, पण माया आटवू नकोस.

तुझा जॉस


वॉटलब्रे शेत, द. ऑस्ट्रेलिया
१२ नोव्हेंबर

चि. जॉस यास अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, अर्नला तेव्हाच कळलं होतं. फाटकापाशी तुझ्या बुटांचे ठसे होते. पुढे कधीतरी मला म्हणाला, नाव सांगितलं असतं तर पोरगं हे ओझं घेऊन म्हातारं झालं असतं, मी तर झालोच आहे. तू आपणहून बोलेपर्यंत गप्प राहायचं, असं आमचं ठरलं. चांगली चौदा वर्षं लावलीस!

आता मला सांगून काय उपयोग? अर्नला लिही. तो व्हायआलाला लेकीकडे असतो. शेत सोडल्यापासून इकडे फिरकला नाही, तेव्हा उत्तराची आशा धरू नकोस.

सोमवारी मी ॲडलेडला दवाखान्यात जाते. किल्ली शेजारच्या डोरीनकडे. गुरुवारी, सत्तावीसला, तिसरीची मुलं येतील, कमिटीच्या बाईही. आलास तर बरं. नाही आलास तरी आमचाच.

आशीर्वाद तर जन्मापासून लागू आहेत.

तुझी आत्या


वॉटलब्रे शेत
२६ नोव्हेंबर, दुपार

ती. आत्यास सा. न.

खुबा कसा आहे? नर्सबाईंना शिस्त लावायला घेतली असशीलच.

आलो बाई एकदाचा. शेवटचा टप्पा एका ट्रकमधून; ड्रायव्हरकडे पोपट होता, तो माझ्या बापासारखा खोकायचा. ते भेटीत सांगेन. अर्नकाकांना सगळं लिहिलंय, काहीही न लपवता. उत्तर नाही.

पाव जमला, लोणी जमलं. मेंढी नाही जमली. काल कात्री लावली तर अर्धी भादरून झाल्यावर तिनं मला अंगणभर फरपटवलं. डोरीन हसून हसून कुंपणाला लटकली. म्हणे, उंदरांनी कुरतडलेली गादी याहून बरी दिसते. कमिटीच्या बाईंनी फोनवर बजावलंय: उद्या भादरणी नाही झाली, तर ही सहल शेवटची. पुढे पोरांना हे सगळं पडद्यावरच दाखवू म्हणाल्या. मी विचारलं, पडद्याला लोकरीचा वास येतो का? त्यांना ते आवडलं नाही. पण आत्या, खरंच सांगतो, उद्याचं मला काही सुचत नाही

थांब, अंगणात गाडी आली.

आत्या, अर्नकाका आलेत! लेकीनं धरून उतरवलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, त्या बिचारीची ही दशा कुणी केली? मी म्हटलं, मीच. तर म्हणाले, या वेळी लवकर कबूल केलंस, आता कात्री आण, शिकवतो.

पळतो.

जॉस