साधा एसएमएस

ल्यूवार्डन, शुक्रवार

प्रिय येले,

बाबा मंगळवारी गेले. एवढं मी तुला उद्या फोनवर सांगेन. बाकीचं तोंडाने सांगवणार नाही, म्हणून इथे लिहिते.

तू भांडून डेन्मार्कला गेलास, तेव्हापासून सात महिने बाबा तुला व्हॉट्सॲपवर लिहीत होते. प्रत्येक मेसेजपुढे एकच टिक राहायची.

"पोचत नाहीये गं, फेना."

"पोचेल कसं? ब्लॉक केलंय तुमच्या लाडक्याने तुम्हाला."

"मग साधा एसएमएस टाकून बघू?"

"बाबा, कुठल्या जमान्यात आहात? एसएमएस आता फक्त दातांचा डॉक्टर करतो."

ते हसले. पुन्हा कधी विचारलं नाही.

आज त्यांचा फोन आवरताना एसएमएस उघडले. दातांच्या डॉक्टरच्या निरोपांमध्ये तुझे अकरा होते. "इथे व्हॉट्सॲप कुणीच वापरत नाही, नव्या फोनवर घेतलंच नाही. इथेच लिहा." आपल्याकडे एसएमएसला पैसे पडायचे, म्हणून सगळे व्हॉट्सॲपवर वळले. तिथे डेन्मार्कमध्ये एसएमएस फुकट होते, म्हणून कुणी हललंच नाही. एवढ्याशा कारणावरून, येले!

शेवटचा वीस दिवसांपूर्वीचा आहे. "बाबा, रागावला असाल तरी नुसतं 'ये' लिहा. लगेच निघतो."

त्या फोनवरचा एसएमएसचा आवाज मीच बंद करून दिला होता.

आत्ता त्याच फोनवर, तुझ्या त्या ओळीखाली, मी 'ये' टाइप केलंय. पाठववत नाही. पुसवतही नाही.

तुझी बहीण, अजून तरी,
फेना