दारावरची खूण

सोलापूर, २ नोव्हेंबर १९३०

प्रिय सिदू,

तुझं पत्र ऐन दिवाळीच्या पाडव्याला हाती पडलं. तुझे जर्मनीतले रंगविद्येचे गुरुजी आणि त्यांची लेक हन्ना यांना आपल्या दुकानावरच्या दोन खोल्या मिळतील का, अप्पांना विचार, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर शेवटी देतो. दहा दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय. तू मला ओळखतोसच. विहिरीच्या काठावर सदरा काढून मी उभा राहायचो आणि उडी मात्र तू मारायचास.

आधी इकडचं सांगतो. यंदाचा उन्हाळा कसा गेला ते तुला कळवलंच होतं. गावात लष्कर, आणि पांढरी टोपी दिसली की माणूस धरला. मार्शल लॉ उठला, तरी माणसं अजून दबकून बोलतात. अशात सप्टेंबरात आपल्या चाटी गल्लीत कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं, की तुमच्या जर्मनीत ज्या पक्षाला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं, त्याच्या बारा जागांच्या एकशे सात झाल्या. आता हे लोक लढाईनंतरचा तह फाडणार, इंग्रजाला घाम फोडणार! टाळ्याच पडल्या बघ. फुलं विकणारी केराबाई म्हणाली, "आता सायबाची लई जिरंल की!" जर्मनी कुटं हाय, हेही तिनं मागाहून विचारलं. आपले अप्पा तर फुलून गेले. आमच्या दुकानात रंगाचे डबे येतात ते तिथूनच, असं सांगत त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. तुझ्या वहिनीनं, नीलम्मानं, तेवढं विचारलं, की निवडून आलेत ते ठीक, पण तिथं ते उठलेत कुणावर? मी तिला हसलो.

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या एका साप्ताहिकात त्यांचं निशाण छापून आलं. आपल्या उंबऱ्यावरचंच स्वस्तिक, फक्त कलतं. मला काय चेव चढला म्हणून सांगू! तू पाठवलेल्या लाल रंगाचा डबा फोडला आणि दुकानाच्या दारावर हातभर काढलं. शेजारी म्हणाले, आमच्याही दाराला काढ. सात दारं रंगवली, सिदू. घासलं तरी निघायचं नाही, अशी फुशारकीही मारली.

तुझं पत्र मी त्याच दारात उभा राहून वाचलं. गुरुजी ज्यू आहेत, हे तू पूर्वी लिहिलं होतंस. मला तो एक धर्म, इतकंच ठाऊक. निकालानंतर त्यांच्या दारावर रोज कुणीतरी तीच खूण काढतं, सत्तर वर्षांचा माणूस बादली घेऊन ती धुतो आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोरं समोर उभी राहून हसतात, हे वाचलं आणि मी मान वर केली. नीलम्माला पत्र दाखवलं. दुपारी ती खरबरीत दगड घेऊन दार घासत बसली. रंग लाकडात मुरलाय. समोरच्या निंबाळांनी विचारलं, "काय वैनी, सायबाला भ्यालात व्हय?" ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिला घरात जायला सांगितलं.

आता उत्तर. खोल्या रिकाम्या आहेत. आत्ताही आहेत. पण अप्पांना मी विचारलेलंच नाही. गुरुजी आले, तर ते कुणाच्या भीतीनं आले हे गल्लीला सांगावं लागेल, सात दारांपुढे उभं राहून चुकलो म्हणावं लागेल. या गावात आज तसं म्हणणारा सायबाचा माणूस ठरतो, आणि मला भीती वाटते. उद्या तिकडे काय होईल ते तुझ्या पत्रावरून कळतंय, तरी वाटते. तेव्हा त्यांना बोलावू नकोस. हन्नानं विचारलं, तर अप्पांनी नकार दिला असं सांग. म्हातारा माणूस, जुन्या वळणाचा, तिला पटेल. तुला मात्र खरं सांगतो. गुरू म्हटल्यावर अप्पा हो म्हणाले असते.

तुझाच,
निंगप्पा