फिल्टर स्वच्छ निघाला

प्रिय नाना,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मला जमत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण काल शेडमधल्या एसीच्या सर्व्हिसिंगला माणूस आला. त्याने फिल्टरची जाळी काढून उजेडात धरली आणि विचारलं, "ताई, सुतारकामाची शेड हीच ना? मागच्या वेळी भुशाने गच्च होती जाळी. आता धुवायलासुद्धा काही नाही. आत काम बंद होतं का?"

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून लिहिते. घरात आपण अहिराणीच बोलायचो, पण लिहायला बसलं की शाळेतली मराठीच येते.

तो गरम-थंड एसी मीच आणला होता. थंडीत तुमची बोटं आखडायची, गोंद धरायचा नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली सागाच्या फळ्यासुद्धा वाकायच्या. बसवणारा सांगत होता की हिवाळ्यात हेच मशीन बाहेरची उष्णता ओढून आत सोडतं. तुम्ही त्याला म्हणालात, "भाऊ, बाहेर कठे शे गरमी? आम्हीच शेकोटीजोडे बसतस!" किती हसलो होतो आपण! त्या हिवाळ्यात तुम्ही स्वेटर काढून रंधा मारत होतात. मला फार बरं वाटलं होतं.

मग फेब्रुवारीत फिल्टर भुशाने भरला. मी नाशिकहून फोनवर चिडले. "नाना, आत रंधा मारू नका. असं केलंत तर मशीन टिकणार नाही." तुम्ही "बरं बेटा" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात.

वाद का नाही घातलात हो? शेड माझी आहे, काम माझं आहे, असं एकदा तरी म्हणायचं होतंत!

काल मी आईला विचारलं, उन्हाळ्यात नाना काम कुठे करायचे?

"बाहेर! लाकडे मझार थंडामा, आनि तुन्हा बाप बाहेर उनमा. मी रोज बोंबलू. पन हट्टी मानूस, आयकेच नही."

तिने जागाही दाखवली. शेडची पूर्वेकडची भिंत. दुपारी सावली तेवढीच. आणि एसीचा बाहेरचा डबाही त्याच भिंतीवर. उन्हाळ्यात तो आतली सगळी उष्णता तिथेच फेकतो. म्हणजे गोंद लावलेल्या फळ्या आत गार, आणि त्यांची झळ तुमच्या पाठीवर! एसी बंद करून तरी बसायचं होतंत, नाना.

मे महिन्यात तुम्ही तिथेच पडलात. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. दहाव्याला खांडबाऱ्याची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरनी एसी लई दिना, तरी भाऊ उनमा बसना." पोरीने एसी घेऊन दिला तरी भाऊ उन्हात बसला, हे ऐकून बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी मान खाली घातली.

फोनवरचं बोलणं मला तेव्हाही आठवत होतं. तरी मी गप्प बसले. तुम्ही माझं ऐकलं नसेल, नेहमीसारखं आपल्याच मनाने वागला असाल, अशी समजूत करून घेतली. जाळी पाहिल्यावर ती समजूत टिकली नाही. तुम्ही माझा शब्दन् शब्द पाळला होता.

आई अजून रोज तुमच्यावर रागावते. तुमच्या फोटोसमोर दिवा लावतानाही पुटपुटते, "हट्टी!" हे सहा महिने मी ऐकते आहे आणि तिला तुम्हाला बोलू देते आहे.

नाना, आज जेवणं झाली की मी तिच्याजवळ बसून सगळं सांगेन. रविवारी खांडबाऱ्याला जाऊन आत्यालाही सांगेन. आई काय म्हणेल, कधी माफ करेल की नाही, मला माहीत नाही. पण उद्या दिवा लावताना तिला राग आलाच, तर तो तुमच्यावर नसेल.

तुमची,
सुनीता