तुझा भाग दोन मी पुसला

प्रिय सुधीर,

तू जाऊन अकरा महिने झाले. जिवंतपणी कधी पत्र लिहिलं नाही, फोनवरच भांडत आलो आपण. आज लिहितेय, कारण काल तुझ्या मुलीसमोर मी गप्प बसले.

मृण्मयीने तुझा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी टेप किंचाळली आणि कॅसेटवरून तू स्वतः बनवलेला खेळ, 'गंगाघाट', सुरू झाला! तोच ठिपक्यांचा माणूस, पुरातल्या पायऱ्यांवर उड्या मारणारा. संपताना पडद्यावर आलं, भाग दोन: पांडवलेणी. मृण्मयी हसली, "पप्पांनी हेपण अर्धवटच सोडलं ना, आत्या?"

मी होकाराची मान हलवली. काय बाई आहे रे मी!

भाग दोन पूर्ण होता, वेगळ्या कॅसेटवर. कॉलेजातून आलास की त्या टीव्हीपुढेच बसायचास, आई ताट तिथे आणून द्यायची. दुसरी कॉपी ठेवावी, हे तेव्हा कुणाला सुचत होतं?

माझ्या हळदीला सायखेड्याच्या मावशीने गाणी धरली आणि कोरी कॅसेट सापडेना. तुझी समोर होती. वर 'भाग दोन' लिहिलेलं मी वाचलं, सुधीर. वाचूनही टेपमध्ये घातली. खेळच तर आहे, करेल पुन्हा, असं वाटलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तू विचारलंस, "ताई, कॅसेट कोणी भरली गं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हटलं, "मावशीने दाबलं असेल बटण."

"असू दे," म्हणालास आणि उठलास. पुढे अंबडला नोकरी धरलीस, कॉम्प्युटर माळ्यावर गेला. ओरडला का नाहीस माझ्यावर?

आज ती कॅसेट ऐकली. गाण्यांआधी माझाच आवाज आहे, "थांब गं मावशी, बटण दाबते. हं, म्हण आता!" म्हणजे तू ती ऐकली होतीस, विचारलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं! आणि मी तोंडावर खोटं बोलले.

मग आई गायला लागली. तिचा आवाज आता तेवढाच उरलाय. पुन्हा कोणी काही भरू नये म्हणून तू कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडून ठेवलेत. माझी हळद एवढी जपलीस, आणि मी तुझं काय केलं?

रविवारी मृण्मयीला जेवायला बोलावलंय. जेवणाआधीच सगळं सांगेन, मावशीवर ढकललेलंसुद्धा. न जेवता निघून गेली तरी चालेल. तिच्या बापाने काम पुरं केलं होतं, हे तिला माझ्याच तोंडून कळेल.

तुझी,
शोभाताई