उताऱ्यावरचं दुसरं नाव

ती. बाबांना,

लेकीचा नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत?

प्लॉट घ्यायचं फिसकटलं, हे आधीच सांगून टाकते. काळजी करू नका, डोकं तेवढं माझं फिरलंय. दलाल छातीठोक सांगत होता, "ताई, जमीन एकदम क्लिअर!" तुमच्या जावयांना तेवढंच पुरलं. मी कानीकपाळी ओरडत होते, आधी उतारा बघू. पण तुमच्यासाठी पायऱ्या नसलेली खोली बांधायची घाई त्यांनाच जास्त! व्यवहार ठरायच्या आधीच यंत्र बोलावून त्यांनी झुडपं काढली, खड्डे बुजवले.

शेवटी मीच उतारा काढला, तर त्यावर मालकाच्या बहिणीचंही नाव. दलाल म्हणतो, "त्या परगावी असतात. सही काय, आणू की!"

परगावी कसल्या! काल मी प्लॉटवर असताना समोरच्याच घरातून एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. "माझी जमीन कोण साफ करतंय?" मी सगळं सांगितलं. त्या यंत्राकडे बघतच राहिल्या.

"भाऊ विकतोय? मला बोललासुद्धा नाही गं," म्हणाल्या आणि तिथेच मातीच्या ढिगावर बसून रडल्या. मी भांडायला पदर खोचून उभी होते, पण आधी त्यांना हात देऊन उठवलं. यंत्र थांबवलं, दलालाला हाकललं.

आता दुसरीकडे बघतोय. तोवर तुम्ही तिकडचं आजोबांचं घर विकायची घाई करू नका. आणि बाबा, आत्याला विचारलंत ना?

तुमची,
धाकटी